एमबीई सर्टिफिकेट हवंय? मग आधी शेअर कोणाच्या नावावर ते ठरवा

पुण्यातली छोटी सॉफ्टवेअर कंपनी, न्यू जर्सीत शाखा, आणि भारतीय वंशाचे मालक म्हणून एमबीई (अल्पसंख्याकांच्या मालकीचा उद्योग) सर्टिफिकेट घेऊन मोठ्या कंपन्यांची कामं मिळवायची, असा तुमचा बेत आहे. जमेल, पण गेल्या गेल्या नाही. आणि कागद आत्ता चुकले तर पुढेही अवघड.

खासगी कंपन्यांत चालतं ते एनएमएसडीसी या अल्पसंख्याक पुरवठादारांच्या संस्थेचं सर्टिफिकेट. संस्था १९७२ पासूनची, काम प्रादेशिक कौन्सिलांमार्फत. न्यूयॉर्क-न्यू जर्सीची एकच आहे. भारतीय वंश यादीत बसतो, पण ५१ टक्के मालकी अमेरिकन नागरिकाची लागते. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी कामांसाठीचं एमडब्ल्यूबीई (अल्पसंख्याक आणि महिला उद्योजकांचं) सर्टिफिकेट वेगळं. तिथे ग्रीन कार्डवाला मालक चालतो, पण धंदा साधारण वर्षभर सुरू असलेला हवा. व्हिसावर असताना दोन्ही दारं बंद.

आता मुख्य घोळ. एल-१ए, म्हणजे भारतातल्या कंपनीतून अमेरिकेतल्या शाखेत व्यवस्थापक पाठवण्याच्या व्हिसासाठी, दोन्ही कंपन्यांत मालकीचं नातं दाखवावं लागतं, म्हणून सीए सरळ सांगतो की अमेरिकेतली कंपनी पुण्याच्या प्रायव्हेट लिमिटेडची शंभर टक्के उपकंपनी करा. व्हिसा मिळतो. पण पुढे ग्रीन कार्ड हातात आलं तरी मालक म्हणून भारतीय कंपनीच उभी राहते, आणि सर्टिफिकेटचा अर्ज अडकतो. दोन्ही कंपन्यांत तुमची स्वतःची बहुमताची मालकी आणि ताबा असला तर एल-१एचं नातंही बसतं आणि ५१ टक्केही. त्यासाठी पैसे वैयक्तिक नावाने, एलआरएसमधून (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवा: आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, बँकेत आधी परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी भरून यूआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक) घ्यायचा, मग रक्कम. दहा लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो. रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो, तो हिशेबात धरा. बँकेची पावती जपा, भांडवल कुठून आलं हे नंतर नक्की विचारतात. (गुंतवणूकदारांचा ई-२ व्हिसा सुचवणारा सल्लागार भेटला तर उठून या. त्यासाठी लागणारा अमेरिकेचा करार भारताशी नाहीच.)

नव्या ऑफिससाठी एल-१ए पहिल्यांदा एकच वर्षाचा मिळतो. जागेचा भाडेकरार लागतो; एडिसनमधल्या मेव्हण्याच्या बेसमेंटचा पत्ता पुरत नाही.

सर्टिफिकेटच्या वेळी टक्केवारीपेक्षा ताबा तपासतात. ऑपरेटिंग ॲग्रीमेंट (मालकांमधला कंपनी चालवण्याचा करार) ओळीओळीने वाचतात. 'महत्त्वाचे निर्णय सर्वांच्या संमतीने' असं एक कलम असलं की ४९ टक्केवाल्याला नकाराधिकार मिळाला, म्हणजे ताबा तुमचा नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार मसुद्यांत हे कलम हमखास सापडतं. बँक खात्यावर दुसऱ्याची सही सक्तीची असणं, बायकोला कागदावर ५१ टक्के देऊन नवऱ्याने कंपनी चालवणं, मालकाने दिवसभर दुसरीकडे नोकरी करणं, हेही असंच. आयटीत तर मालकाला काम समजतं का, हेही बघतात, आणि प्रत्यक्ष भेटीत प्रश्न विचारतात.

मग पहिली काही वर्षं काय? एसबीडीसी (छोट्या उद्योगांची सल्ला केंद्रं) आणि स्कोअर (अनुभवी उद्योजकांची स्वयंसेवी संस्था), दोन्हीकडे सल्ला फुकट. करार, रोकड, विमा यांसाठी एसबीडीसीच गाठा. सरकारी टेंडरसाठी अ‍ॅपेक्स अ‍ॅक्सिलरेटर हे मदत केंद्र, तेही फुकट. टाय न्यू जर्सी या उद्योजकांच्या संस्थेत ओळखी होतात, सर्टिफिकेट लागत नाही. महाराष्ट्र मंडळात चांगला अकाउंटंट मिळेल. ग्राहक मिळेलच असं धरू नका.

शिवाय वारं बदललंय, हे लक्षात ठेवा. २०२३ मध्ये टेनेसीच्या फेडरल कोर्टाने ८(ए) या केंद्र सरकारी कंत्राटांच्या योजनेतला वंशावर आधारलेला आपोआपचा दर्जा अडवला, आणि मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने एमबीडीए ही अल्पसंख्याक उद्योगांसाठीची केंद्रीय संस्था कायद्याने आवश्यक तेवढीच ठेवायला सांगितली. त्यामुळे केवळ सर्टिफिकेटवर धंद्याचं गणित मांडू नका.

आणि सर्टिफिकेट आलं तरी ते फक्त खरेदी खात्याच्या दारापर्यंत नेतं. 'आम्ही सगळं आयटी करतो' असं पत्रक कोणी वाचत नाही. नाइक्स (उद्योगांच्या अमेरिकी वर्गीकरणाचे) कोड ५४१५११ आणि ५४१५१२, म्हणजे सॉफ्टवेअर आणि सिस्टिमची कामं, यांखाली कंपन्यांचा खच पडलाय. एकपानी कॅपेबिलिटी स्टेटमेंटवर (कंपनीच्या ओळखपत्रकावर) एकच काम लिहा, समजा हॉस्पिटलच्या बिलिंगचा डेटा जुन्या सिस्टिममधून हलवणं. खाली विम्याची रक्कम टाका. बऱ्याच करारांत दहा लाख डॉलरचं लायबिलिटी कव्हर मागतात. थेट पुरवठादार होण्याआधी मोठ्या व्हेंडरच्या हाताखाली टियर-टू (दुय्यम पुरवठादार) म्हणून शिरणं सोपं, फक्त बिलाचे पैसे ६० ते ९० दिवसांनी येतात. तेवढ्या महिन्यांचे पगार खात्यात ठेवूनच सही करा.