चिपळुणात घरातल्या एका खोलीत नट डॉ. काशिनाथ घाणेकरांचं छोटं संग्रहालय करायचं आहे. पोस्टर, फोटो पावसाळ्यात टिकतील का?

टिकतील, पण खोली तळमजल्यावरची घेऊ नका. २००५ आणि २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. माडीच बरी.

पूर कधीतरी येतो, दमट हवा मात्र रोजची. आमच्या गुहागरच्या घरी मी एक जुनं पोस्टर थेट काचेला टेकवून फ्रेम केलं होतं. गणपतीत उतरवलं तर चेहऱ्याचा रंग काचेला चिकटून निघाला, मागच्या पुठ्ठ्यावर बुरशीचे काळे ठिपके. अजून आठवलं की जीव चुटपुटतो. म्हणून काच आणि कागद यांत माउंटबोर्डची (जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट ठेवा, पाऊस झोडपतो त्या भिंतीवर काही टांगू नका आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखा. लॅमिनेशन नकोच, ते पुन्हा काढता येत नाही. मूळ फोटो पेटीत, भिंतीवर स्कॅन केलेल्या प्रती. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तो बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारा.

मांडणीत दारासमोर राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) हवाच. त्यावरूनच पुढे हिंदीत ‘मेरा साया’ आला, हे शेजारी ठळक लिहा. पण नुसत्या सिनेमावर थांबू नका. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकातल्या संभाजीशिवाय डॉक्टर पुरे होत नाहीत. आणि हा माणूस मूळचा दंतवैद्य, तेही पाहणाऱ्याला कळू द्या.