वाचक विचारतात: गाडीवेड्यांची मीट टिकवायची कशी?

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही नाशिकचे सात-आठ मित्र, सगळे गाडीवेडे. कोणाकडे जुनी झेन, कोणाकडे एस्टीम, एकाकडे थार. आपापल्या गाड्या घेऊन भेटायच्या पहिल्या मीटला बऱ्याच गाड्या आल्या, दुसऱ्या वेळी तारीखच ठरता ठरेना आणि तिसऱ्या वेळी आम्ही चौघेच! ग्रुपवर मात्र रोज गुड मॉर्निंग चालू असतं. दर महिन्याला भेट व्हावी असं मनापासून वाटतं, काय करावं?

उत्तर: सगळ्यात आधी तारखेसाठी ग्रुपवर पोल टाकणं बंद करा. पोल टाकला की पंधरा जण रविवार म्हणतात, बारा जण शनिवार म्हणतात आणि शेवटी कोणीच येत नाही. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी साडेसहा ते नऊ, जागा तीच. ठरलं म्हणजे ठरलं, दोनच गाड्या आल्या तरी मीट झाली असं धरायचं. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणारा माणूस मग आपली सुट्टी बघून येतो, ज्याला घरी सांगायचंय तो आधीच सांगून ठेवतो, आणि ज्याला या वेळी जमलं नाही त्याला पुढची कधी हे विचारावं लागत नाही. चौघेच आलात म्हणून नाराज होऊ नका, ते चौघे पुढच्या सहा महिन्यांत येत राहिले तर बाकीचे येतातच.

सकाळची वेळ मी मुद्दाम सांगतोय. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला 2006 पासून दर शनिवारी सकाळी माझदाच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये ‘कार्स अँड कॉफी’ भरायची, तिकीट नाही, स्टेज नाही, बक्षीस नाही, लोक यायचे, एकमेकांच्या गाड्या बघायचे, कॉफी प्यायचे आणि नऊच्या सुमारास घरी. जगभर तिची नक्कल झाली. पण एवढी गाजलेली मीटसुद्धा 2014 च्या शेवटी तिथे बंद झाली. म्हणजे जागा किती महत्त्वाची ते बघा.

आता नाशिकची जागा. गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला किंवा घाटातल्या वळणावर गाड्या लावून मीट करू नका, फोटो झकास येतात हे खरं पण तो रस्ता दुसऱ्यांचाही आहे. मिसळीच्या ठिकाणी भेटायचा मोह सगळ्यांना होतो, पण रविवारी सकाळी त्यांचा धंदा असतो आणि तुमच्या वीस गाड्यांनी त्यांचं गिऱ्हाईक परत गेलं तर दुसऱ्या वेळी कोण बोलावेल? तिथे जायचंच तर मालकाला आधी भेटा, मागची जागा मागा आणि गर्दी व्हायच्या आत उठा. मला विचाराल तर लग्नाची लॉन्स बघा. नाशिकच्या आजूबाजूला भरपूर आहेत, पार्किंग मोठं असतं, वॉचमन असतो, टॉयलेट असतं, आणि आषाढी ते कार्तिकी लग्नाचे मुहूर्त नसतात म्हणजे नेमक्या पावसाळ्यात ती रिकामी असतात, छत असलेला हॉलसुद्धा मिळू शकतो. मालकाला सांगा की दोन-अडीच तास हवेत, चहा-नाश्ता तुमच्याच केटररकडून घेतो, कचरा आम्ही उचलतो.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो: मीटची परीक्षा निघताना असते. आत दोन-अडीच तास सगळे शहाण्यासारखे वागतात, आणि गेटमधून बाहेर पडताना एक जण गाडीला रेस देऊन आवाज काढतो, मोबाइल धरलेली पोरं ओरडतात, मग मागचाही करतो. शेजारच्या बंगल्यातल्या आजोबांना तेवढंच लक्षात राहतं. म्हणून गेटवर तुमच्यातला एक, ज्याचं सगळे ऐकतात असा, शेवटपर्यंत उभा ठेवा. एकेक गाडी सोडायची, काचा खाली, सावकाश. ज्याने ऐकलं नाही त्याला पुढच्या महिन्यात बोलवायचं नाही, मग तो कितीही जवळचा असो आणि गाडी कितीही भारी असो. इथे भीड ठेवलीत तर मीट गेली म्हणून समजा.

प्रश्न: सर, मी इचलकरंजीचा. आमच्या मीटमध्ये निम्म्या गाड्यांना काळ्या फिल्म आणि आवाजाचे सायलेन्सर आहेत. पोलीस आले तर? परवानगी घेतली तर चालतं का?

उत्तर: परवानगी मीटची मिळते, काळ्या काचेची नाही. काचेवर फिल्म लावायला सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये बंदी घातली होती, आणि समोरची आणि मागची काच किमान 70 टक्के आणि बाजूच्या किमान 50 टक्के पारदर्शक लागतात. आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे करता येत नाही, आणि 2019 च्या सुरुवातीला सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. मला मॉडिफिकेशनचं प्रेम कळतं हो, आपल्या कोल्हापूर भागात इंजिनाचे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत, घरोघरी हाताला वंगण लागलेली माणसं आहेत, तिथल्या पोरांना गाडी उघडून बघावीशी वाटणारच. पण ते प्रेम सस्पेन्शन नीट ठेवण्यात, ब्रेक चांगले ठेवण्यात, आतल्या सीटच्या कामात दाखवा, झोपलेल्या गल्लीत आवाज काढण्यात नको.

परवानगीचं म्हणाल तर खाजगी जागा असेल तर मालकाची लेखी संमती घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात साधं पत्र द्या: तारीख, वेळ, अंदाजे गाड्या, जबाबदार दोघांचे नंबर. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन ती जवळ ठेवा. सणासुदीला किंवा निवडणुकीच्या आसपास महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा जमावबंदी आदेश लागू असू शकतो, तेव्हा आधी विचारा. सार्वजनिक मैदान किंवा रस्ता असेल तर नुसतं पत्र पुरत नाही, वाहतूक शाखेची आणि जागा ज्यांची त्यांची परवानगी लागते. मीटनंतर हायवेवर ‘जरा पळवून बघू’ हे अजिबात नको. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी 5,000 रुपयांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद आहे, आणि दंडाचं सोडा, समोरून दुधाचं कॅन घेऊन एखादा मोटारसायकलवाला येत असतो त्याचं काय.

प्रश्न: माझ्या बाबांची 1971 ची फियाट आहे, चालू कंडिशनमध्ये. पुण्यातल्या एका मीटला न्यायचीय पण तिथे सगळ्या महागड्या गाड्या असतात, आपली फियाट बघून हसतील असं बाबांना वाटतं. ती व्हिंटेजमध्ये येते का?

उत्तर: ताई, बाबांना घेऊन जाच! कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, स्टिअरिंगला गिअर असलेली ही गाडी, तिच्याच पुढच्या अवतारावर, पद्मिनीवर, मुंबईची काळी-पिवळी वर्षानुवर्षं चालली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा लोक हळहळले. मीटमध्ये सगळ्यात जास्त गर्दी अशाच गाडीभोवती होते कारण प्रत्येकाच्या घरात कोणीतरी तिच्यात बसलेलं असतं. संयोजकांना आधी फोन करून आत, सावलीत जागा मागा म्हणजे चढावर किंवा रांगेत ताटकळत इंजिन तापणार नाही, आणि बॉनेट उघडून बाबांनाच बोलू द्या.

व्हिंटेजचं असं की 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली, फार बदल न केलेली गाडी त्यात धरतात, म्हणजे वयाने तुमची बसते. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो. पण एकदा व्हिंटेज झाली की रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. बाबा तिच्यातून अजून मंडईत जात असतील तर साधी नोंदणीच रिन्यू करत राहा.

प्रश्न: मीटसाठी वर्गणी घ्यावी का? (सांगली)

उत्तर: पहिलं वर्षभर नको. ज्याने त्याने आपल्या चहा-पोह्याचे पैसे द्यावेत. पैसे आले की हिशोब आला, हिशोब आला की अध्यक्ष आला आणि मग गाड्यांबद्दल बोलायला वेळच उरत नाही. जागेचं भाडं द्यायचंच असेल तर त्या दिवशी आलेल्यांत वाटून घ्या आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर बिलाचा फोटो टाका.