मे महिन्याच्या सुट्टीत टोकियो डिस्नीलँड : गर्दी कशी टाळावी?

पुण्यातल्या शाळांना सुट्टी लागली की लगेच निघायचा बेत असेल, तर आधी जपानचं कॅलेंडर बघा. 29 एप्रिल ते 5 मे म्हणजे तिकडचा गोल्डन वीक, अख्खा देश फिरायला निघालेला असतो. त्या आठवड्यात जाणं म्हणजे अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर गाडी घालणं. तो आठवडा सोडा आणि त्यानंतरचा मंगळवार-बुधवार धरा.

तिकीट तारखेचं असतं आणि दर दिवसागणिक बदलतो, त्यामुळे ते इथूनच काढून ठेवा. टोकियो स्टेशनवरून केइयो लाइनच्या ट्रेनने माइहामा, म्हणजे डिस्नीलँडचं स्टेशन, साधारण पंधरा मिनिटं. पण टोकियो स्टेशनात केइयोचा प्लॅटफॉर्म फार लांब आहे, चालून चालून आजी-आजोबा तिथेच दमतील. तो वेळ हिशोबात धरा. गेट उघडायच्या तासभर आधी रांगेत असलात तर पहिल्या दोन-तीन राइड्स पटकन होतात.

आत गेल्यावर लगेच डिस्नीचं ॲप उघडा. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ राइडसाठी प्रीमियर ॲक्सेसचे (म्हणजे लांब रांग टाळायचे) जादा पैसे मोजा, बाकीच्यांना नाही मोजलेत तरी चालेल. मुलांची उंची घरीच मोजून घ्या. बिग थंडर माउंटनला 102 सेंटिमीटर लागतात, आणि रांगेच्या टोकाशी नकार मिळाला की जे भोकाड पसरतं ते विचारू नका.

शाकाहारी असाल तर डबा घ्याच, मात्र तो आत बसून खाता येत नाही. गेटबाहेर पिकनिक एरिया आहे. बाहेर पडताना परत आत येण्याची सोय तेवढी विचारून घ्या.