जहाजं मोजण्याआधी अंतर मोज

प्रिय दोस्त,

अमेरिका विरुद्ध जपान, साल १९२६, मोठ्या युद्धनौकांवर मर्यादा घालणारा वॉशिंग्टनचा नाविक करार झालेलाच नाही: पटावर खेळायच्या तुझ्या युद्धखेळाचा हा आराखडा काळजीपूर्वक वाचला. विषय फार चांगला आहे. पण पहिल्या पानावर जपानची सोळा आणि अमेरिकेची अठरा मोठी जहाजं मांडली आहेत आणि ती समोरासमोर का आली याबद्दल एक ओळही नाही. दुरुस्ती तिथूनच सुरू करावी लागेल.

काल्पनिक इतिहासात फाटा, म्हणजे खऱ्या इतिहासापासून वाट वेगळी होते ती घटना, एकच असावा, छोटा असावा आणि त्याला तारीख असावी. ‘करार फिसकटला’ हा फाटा नव्हे, तो परिणाम आहे. तो का फिसकटला? परिषद १२ नोव्हेंबर १९२१ रोजी सुरू झाली. जपानी आरमाराला अमेरिकेच्या ७० टक्के ताकद हवी होती, आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ह्यूज ६० टक्क्यांच्या वर जायला तयार नव्हते. अमेरिकेच्या हर्बर्ट यार्डली यांचा गुप्त विभाग जपानच्या सांकेतिक तारा फोडत होता. वेळ आलीच तर तोक्यो ६० वर उतरेल हे ह्यूजना त्यांतूनच कळलं. त्यामुळे ‘जपानने सांकेतिक लिपी बदलली’ असा फाटा सुचणं साहजिक आहे. तो मोहक आहे, पण टिकत नाही. समोरच्याचा शेवटचा आकडा माहीत नसलेले ह्यूज बिचकून ६५ किंवा ७० मान्य करण्याची शक्यताही तेवढीच आहे. मग करार होतो आणि तुझा खेळच उरत नाही.

त्यापेक्षा माणसाकडे बघ. जपानच्या शिष्टमंडळात नौदलमंत्री काटो तोमोसाबुरो होते, आणि ६० चा आकडा आरमाराच्या गळी उतरवण्याइतकं वजन त्यांचंच होतं. त्यांचे मुख्य तांत्रिक सल्लागार काटो कांजी ७० साठी शेवटपर्यंत अडून होते. पंतप्रधान हारा यांची ४ नोव्हेंबरला हत्या झाली होती. तोमोसाबुरो स्वतः ऑगस्ट १९२३ मध्ये आजारपणात वारले. तो आजार दोन वर्षं आधी, ऑक्टोबर १९२१ मध्ये बळावला आणि ते जहाजावर चढलेच नाहीत, एवढंच बदल. बाकी सगळं खरं ठेव. आता करार मोडणं पटतं.

फाटा ठरला की त्याची किंमत पूर्ण चुकवायची. तुझ्या आराखड्यात अकागी आणि लेक्सिंग्टन या बॅटलक्रूझरही (मोठ्या तोफांच्या, पण वेगासाठी चिलखत पातळ ठेवलेल्या युद्धनौका) आहेत आणि त्याच नावांची विमानवाहू जहाजंही आहेत. हे चालणार नाही. खऱ्या इतिहासात कराराने बॅटलक्रूझर थांबल्या, म्हणूनच त्यांच्या सांगाड्यांवर विमानवाहू जहाजं उभी राहिली. करार नाही तर ती नाहीत. उरतात १९२२ मध्ये सेवेत आलेली दोन छोटी, लँगली आणि होशो. त्यांची विमानं टेहळणीला आणि तोफांचा नेम सांगायला वापर. बुडवणारा हवाई हल्ला या खेळात आणू नकोस. जपानचे लांब पल्ल्याचे ऑक्सिजनवर चालणारे टॉर्पेडो १९३० च्या दशकातले आहेत आणि जहाजांवरचं रडारही त्या दशकाच्या अखेरचं. दोन्ही काढ.

१ सप्टेंबर १९२३ चा जपानमधला भूकंप मात्र ठेव. राजनैतिक वाटाघाटींनी जमीन हलायची थांबत नाही. खऱ्या इतिहासात योकोसुकाच्या गोदीत अर्धवट उभी असलेली आमागी ही बॅटलक्रूझर त्यात कायमची निकामी झाली. तुझ्या जगात तिचं काम थांबलेलंच नाही, म्हणजे तोवर ती पाण्यात उतरलेली असू शकते. दोन्हींपैकी एक ठरव आणि एका वाक्यात लिहून टाक. माझं मत विचारशील तर ती गमावलेलीच ठेव. १९२० च्या मंदीने जपानची तिजोरी आधीच आवळलेली होती आणि देशाच्या खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा आरमार खात होतं. आठ युद्धनौका आणि आठ बॅटलक्रूझर बांधायची जपानची सबंध योजना १९२६ पर्यंत पुरी झाली असं मांडलंस, तर जाणता खेळाडू पहिल्याच पानावर विश्वास सोडेल. कागा आणि तोसा या युद्धनौकांबद्दल मात्र कुणी काही म्हणणार नाही, कारण त्या १९२१ च्या अखेरीसच पाण्यात उतरल्या होत्या. ब्रिटन तटस्थ आहे एवढं एका ओळीत सांगून पुढे जा.

आता अंतर. फिलिपाइन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, म्हणून ताफा मनिलाला जाणार. पर्ल हार्बर ते मनिला सुमारे ४,८०० सागरी मैल. तेलवाहू जहाजं सोबत घेऊन १० नॉटने (तासाला १० सागरी मैल) निघालं तर ४८० तास, म्हणजे पूर्ण २० दिवस. योकोसुका ते मनिला सुमारे १,७५० मैल. १४ नॉटने १२५ तास, पाच दिवसांहून थोडे जास्त. तुझ्या खेळाचा गाभा या दोन आकड्यांत आहे. जपानी सेनापती अमेरिकी ताफा निम्म्या वाटेवर आल्यावर निघाला तरी वेळेत पोचतो. अमेरिकी सेनापतीकडे तेल मोजकं आहे, आणि मोठं जहाज जखमी झालं तर मनिलाजवळची ओलोंगापोची तरंगती गोदी ते उचलू शकत नाही. म्हणजे दुरुस्तीसाठी परत ४,८०० मैल. त्याच्या ताफ्याला लागलेला प्रत्येक गोळा जपानला लागलेल्या गोळ्याहून महाग आहे, आणि विजयाचे गुण लिहिताना हे आकड्यांत उतरलं पाहिजे. उदाहरणार्थ, निम्म्याहून जास्त नुकसान झालेलं अमेरिकी जहाज बुडाल्यातच धर. त्याच अवस्थेतल्या जपानी जहाजाचे फक्त अर्धे गुण दे.

यातून लढाईचं कारणही मिळतं: तेलवाहू जहाजांचा काफिला मनिलाला पोचवणं. आठ तेलवाहू जहाजं, त्यांपैकी पाच पोचली तर अमेरिकेचा उद्देश सफल. महिना एप्रिल ठेव, म्हणजे ऐन वादळांचा मोसम टळेल.

ताफे लहान कर. एक खेळाडू एका बैठकीत सहा ते आठ मोठी जहाजं नीट सांभाळतो. त्यापुढे तो विचार करणं सोडून नुसते फासे टाकत बसतो. अमेरिकेला साउथ डकोटा वर्गाच्या चार युद्धनौका आणि लेक्सिंग्टन वर्गाच्या दोन बॅटलक्रूझर दे. जपानला नागातो, मुत्सू, कागा, तोसा आणि अकागी. आता वेग बघ. साउथ डकोटा २३ नॉट, जपानी युद्धनौका साडेसव्वीस, अकागी ३०, लेक्सिंग्टन ३३ च्या वर. भिडायचं की नाही हे जपान ठरवणार. त्याला गाठू शकेल अशी एकच गोष्ट अमेरिकेकडे आहे, ती म्हणजे लेक्सिंग्टनची जोडी. पण तिच्या कुशीवरचं चिलखत फक्त ७ इंचांचं आहे, साउथ डकोटाचं साडेतेरा. ही जोडी पुढे सोडायची की काफिल्याजवळ धरून ठेवायची? तुझा सगळा खेळ या प्रश्नावर उभा राहू दे.

याला एक सुंदर जोड आहे. नागातोचा खरा वेग जपानने लपवला होता, बाहेर २३ नॉटच सांगितला जाई. अमेरिकी खेळाडूच्या हातातल्या पत्त्यावर २३ च छाप. खरा आकडा पंचाकडे असू दे आणि तो फक्त पटावर, जहाज पळताना दिसेल तेव्हा उघड होऊ दे.

मोजमापाबद्दल. एक फेरी तीन मिनिटांची धर. एक नॉट वेगाने तीन मिनिटांत सुमारे ९३ मीटर अंतर कापलं जातं, म्हणून २० नॉटचं जहाज एका फेरीत बरोबर एक सागरी मैल, १,८५२ मीटर जातं. पटावर १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर घेतलंस तर ती चाल साडेअठरा सेंटिमीटरची होते आणि २० किलोमीटरचा तोफपल्ला दोन मीटरमध्ये बसतो. साध्या जेवणाच्या टेबलावर हे मावत नाही, जमिनीवर मांड. प्रतिकृती मात्र याच प्रमाणात नसतील, नाहीतर २६६ मीटरची लेक्सिंग्टन पावणेतीन सेंटिमीटरची होईल. १:२४०० ची ११ सेंटिमीटर भरते, ती हाताळायला बरी. अंतर नेहमी मधल्या डोलकाठीपासून मोजायचं हे नियमात लिही, नाहीतर प्रत्येक फेरीला वाद होतील.

नेमबाजीचे आकडे तू फार उदार ठेवले आहेस. १९१६ च्या ब्रिटिश-जर्मन आरमारांच्या जटलंडच्या लढाईत मोठ्या तोफांचे शंभरातले सुमारे तीन गोळे लागले. बारा तोफांची साउथ डकोटा दर तोफेमागे मिनिटाला एक गोळा सोडते असं धर: तीन मिनिटांत ३६ गोळे, म्हणजे फेरीला साधारण एकच आघात. जहाज १२ ते १५ आघातांत निकामी होतं असं मानलं तर एकास एक झुंज पाऊण तासापर्यंत चालते. तुझ्या तक्त्याने ती तीन फेऱ्यांत संपते, म्हणजे नऊ मिनिटांत.

दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोटही असाच तपास. दोन फाशांवर १२ पडले की जहाज फुटतं, हा तुझा नियम. एका आघाताला ३६ त १ ही शक्यता क्षुल्लक वाटते, पण २१ आघातांत ती सुमारे ४५ टक्के होते. जटलंडला जर्मन सायडलिट्झ वीसहून जास्त मोठे गोळे खाऊन घरी परतली, आणि त्याच दिवशी तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर फुटल्या. दोन्ही शक्य राहायला हवं. पातळ चिलखताच्या जहाजांना तुझा नियम राहू दे. जाड चिलखताच्यांना १२ पडल्यावर आणखी एक फासा टाकायला लाव आणि १ किंवा २ आला तरच स्फोट धर.

समतोल साधताना जहाजं वाढवू किंवा घटवू नकोस. ताफ्याची ताकद जहाजांच्या संख्येच्या वर्गाइतकी मानणाऱ्या लँचेस्टरच्या वर्गनियमाने सारख्या जहाजांत सहा विरुद्ध पाच म्हणजे ३६ विरुद्ध २५. फरक ११, त्याचं वर्गमूळ ३.३. एकाच जास्तीच्या जहाजाने जिंकणाऱ्याकडे तीनहून अधिक जहाजं शिल्लक राहतात, इतका तो बदल मोठा आहे. त्याऐवजी सुरुवातीचं अंतर, अंधार पडण्याआधीच्या फेऱ्या किंवा तेलवाहू जहाजांची आवश्यक संख्या बदल. एका वेळी एकच, आणि दरवेळी तारीख घालून लिहून ठेव.

किमान सहा डाव खेळ, बाजू बदलून तीन-तीन. दोन डावांत तू फक्त पंच हो, नियम तोंडी सांगू नकोस, खेळाडू कुठे अडखळतात तेवढं टिपत जा. दर डावात लेक्सिंग्टनची जोडी कितव्या फेरीला सुटली आणि कुणाच्या हुकमाने, ही नोंद वेगळी ठेव. सहाही डावांत ती एकाच फेरीला सुटली, तर सुरुवातीचं अंतर पाच किलोमीटरने वाढव आणि पुन्हा मांड. त्या नोंदी पुढच्या पत्रासोबत पाठव.