टर्बो गाडीतले कूलंट जाते कुठे?

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल गाडीत दर काही आठवड्यांनी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी खाली गेलेली दिसते. गाडीखाली एक थेंबही पडलेला नसतो आणि तापमानाचा काटाही जागचा हलत नाही. मेकॅनिकच्या मते हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यांवरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधले सील) गेले आहे. ते बदलून घ्यावे का?

उत्तर : एवढ्याशा पुराव्यावर हेड उघडू देऊ नये. आधी कूलंट खरोखर किती कमी होते, हे नक्की करावे. तापलेले कूलंट प्रसरण पावते, त्यामुळे संध्याकाळी भरलेली वाटणारी टाकी सकाळी रिकामी वाटू शकते. पातळी नेहमी इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून पाहावी, टाकीवर चिकटपट्टीने खूण करावी आणि त्याच वेळी किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. नुकतेच कूलंट बदललेले असेल, तर आत अडकलेली हवा निघून गेल्यामुळेही पातळी एकदा उतरते आणि मग तिथेच स्थिरावते. ती उतरतच राहिली, तर मात्र शोध घ्यावा लागतो.

थेंब न पडण्याचे कारण टर्बो गाडीत बहुधा टर्बोपाशीच असते. टर्बोच्या बेअरिंगभोवतीचा भाग थंड ठेवण्यासाठी कूलंटच्या दोन बारीक नळ्या तिथे जोडलेल्या असतात, आणि त्यांचे सांधे पुष्कळदा बँजो बोल्ट (ज्याच्या आतून द्रव जातो असा पोकळ बोल्ट) आणि तांब्याचे वॉशर यांच्यावर टिकलेले असतात. हे वॉशर एकदा दाबले गेले की त्यांचे काम संपते; तरीही घाईत तेच परत बसवले जातात. तिथून पाझरणारे कूलंट तापलेल्या धातूवर पडताच वाफ होऊन उडते, आणि उरलेसुरले खालच्या प्लॅस्टिकच्या आवरणात साचते. मागे राहतो तो सांध्याभोवतीचा पांढरट, गुलाबी किंवा हिरवट खरपुडीचा थर. इंजिन थंड असताना टॉर्च आणि लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन नळीची मागची बाजू पाहावी, कारण समोरून सांधा बऱ्याचदा स्वच्छच दिसतो.

त्यानंतर प्रेशर टेस्ट करावी, आणि तीही थंड इंजिनावर. टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा (बहुतेक गाड्यांत तो 1.1 ते 1.5 बारच्या दरम्यान असतो) आणि तसाच ठेवून द्यावा. धातू आकसलेला असताना काही सांधे गळतात आणि तापल्यावर बंद होतात, म्हणून तापलेल्या इंजिनावरची पाच मिनिटांची तपासणी पुरेशी ठरत नाही. दाब उतरत असेल आणि जागा सापडत नसेल, तर कूलंटमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळून काही दिवस गाडी चालवावी आणि मग त्या दिव्याखाली पाहावे. झाकणाचीही वेगळी तपासणी करून घ्यावी. साधे पाणी 1 बार जादा दाबाखाली सुमारे 120 अंश सेल्सिअसला उकळते; झाकण दाब धरत नसेल तर ते बरेच आधी उकळते, आणि कूलंट वाफेच्या रूपाने झाकणातूनच निघून जाते. झाकण हा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि तपासायचा सर्वांत जास्त राहून जाणाराही तोच आहे.

प्रश्न : मग हेड गॅस्केटचा संशय कधी घ्यावा?

उत्तर : रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा रेडिएटरचा वरचा पाइप सकाळी फुगलेला, कडक लागला, सुरू केल्याबरोबर पहिला अर्धा मिनिट इंजिन एका सिलिंडरवर अडखळले, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) उघडण्यापूर्वीच टाकीत सतत बुडबुडे येऊ लागले, तर संशयाला जागा आहे. तेव्हाही हेड उघडण्यापूर्वी टाकीतल्या हवेची रासायनिक चाचणी करावी. निळ्या द्रावणातून ती हवा ओढल्यावर द्रावण पिवळे पडले, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. मात्र द्रावण निळेच राहिले म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही, कारण लहान चीर फक्त जास्त भाराखालीच उघडते. दमदार चढ चढून आल्यावर चाचणी पुन्हा करावी. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रांतून बारीक कॅमेरा घातल्यास आणखी स्पष्ट उत्तर मिळते : सगळ्या पिस्टनांवर काजळी असताना एकच पिस्टन धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल, तर कूलंट त्याच सिलिंडरमध्ये जात आहे.

प्रश्न : माझी गाडी टर्बो डिझेल आहे. कूलंट जाते, सुरू करताना पांढरा धूर येतो, पण वरील चाचणीत काहीच निघाले नाही.

उत्तर : ईजीआर कूलर तपासावा. सिलिंडरकडे परत पाठवला जाणारा धूर ज्या कूलरमधून जातो, त्याच्या आत कूलंट फिरत असते. त्याला आतून चीर गेली की कूलंट धुराच्या मार्गात उतरते आणि एग्झॉस्टमधून बाहेर पडते. बाहेर डाग नाही, तेलात पाणी नाही. कूलर सोडवून, त्याची कूलंटची तोंडे बंद करून, हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवला की बुडबुडे आपोआप जागा दाखवतात. गळती मोठी असेल तर दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नये, कारण सिलिंडरमध्ये साठलेले पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या गाड्यांत इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) पाण्याने थंड होतो, त्यांत तोही याच संशयितांत धरावा.

प्रश्न : तेलाच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसते. कूलंट तेलात जात आहे का?

उत्तर : केवळ सायीवरून तसे म्हणता येणार नाही. सतत जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत इंजिन पुरते तापत नाही आणि बाष्प झाकणाखाली थंड होऊन साचते. डिपस्टिकवरचे (तेल मोजण्याच्या पट्टीवरचे) तेल पाहावे. तेच दुधाळ असेल, किंवा न भरता तेलाची पातळी वाढत असेल, तर इंजिन बंद ठेवून ऑइल कूलर आणि गॅस्केट दोन्ही तपासून घ्यावे.

प्रश्न : गळती बंद करणारी पावडर टाकीत टाकून चालेल का? आणि तोवर साधे पाणी भरत राहिलो तर?

उत्तर : पावडर टाकू नये. ती छिद्र आणि नळी यांत फरक करत नाही. टर्बोच्या बारीक नळ्या आणि हीटरची जाळी तिच्यामुळे तुंबतात, आणि मग एका दोषाचे दोन होतात. अडचणीच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर चालते, पण ते भरत राहिल्यास गंज रोखणारी द्रव्ये पातळ होत जातात. भर घालायची ती गाडीच्या पुस्तिकेतल्या मानकाचीच असावी. रंग जुळला म्हणून कूलंट जुळते असे नाही. शिल्लक डबा मुले आणि पाळीव प्राण्यांच्या हाताबाहेर ठेवावा, कारण एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे आणि त्यानंतरही ते फडक्याने धरून, हळूहळू सैल करावे.