कोलॅजनच्या डब्याचं नंतर बघू, आधी मेडिक्लेम भरा

पाळधीच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय 41, जळगावला डाळ मिलच्या ऑफिसात अकाउंट बघतात, रोज हायवेने स्कूटीवर येणं-जाणं, उन्हाने गालावर डाग पडलेत. ओळखीच्या 'वेलनेस कोच'कडून कोलॅजनची (त्वचेत असतं ते प्रोटीन) पावडर चालू आहे, महिन्याला 4,500. आता कोच म्हणते वर्षाचा पॅक 45,000 ला ईएमआयवर घ्या, 9,000 वाचतील. घेऊ का?

नका घेऊ. पण ताई, मला धडकी भरली ती तुमची शेवटची ओळ वाचून. चार वर्षांत एकही क्लेम नाही म्हणून यंदा मेडिक्लेमचे 26,000 भरलेच नाहीत, तारीख उलटून 22 दिवस झाले. आणि दाजींना शुगर आहे हे वर तुम्हीच लिहिलंय!

अहो, चार वर्षं हप्ते भरलेत म्हणून तर शुगरचा वेटिंग पिरियड (आधीच्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ) संपला, ते पैसे वाया गेलेले नाहीत. वर्षाच्या हप्त्याला 30 दिवस ग्रेस, म्हणजे उशिरा भरायची सवलत असते, म्हणजे हातात 8 दिवस. तो चुकला की नवी पॉलिसी, नव्या तपासण्या, शुगरसाठी परत तीन वर्षांपर्यंत थांबणं, आणि शुगरवाल्या माणसाला कंपनी घेईलच याची गॅरंटी नाही. ग्रेसमध्ये ॲडमिट व्हायची वेळ आली तर तो खर्चही मिळत नाही, म्हणून आजच भरा. आणि आकडा जुना धरू नका, 22 सप्टेंबर 2025 पासून घरच्या मेडिक्लेमवरचा 18 टक्के जीएसटी गेलाय.

आता पावडर. 4,500 ला 300 ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला 15 रुपये. शेंगदाणे दीडशे रुपये किलो धरले तर त्यात 250 ग्रॅम प्रोटीन, ग्रॅमला 60 पैसे. कोलॅजन खाल्लं की पोटात त्याचे तुकडे होतात, ते गालावरच जाऊन बसतील असं कोणी सांगत असेल तर तो माल खपवतोय, बाकी काही नाही. शिवाय त्यात ट्रिप्टोफॅन हा प्रोटीनचा एक गरजेचा घटक नसतो, म्हणजे प्रोटीन म्हणूनही ते अर्धवटच. 60 किलो वजनाला दिवसाला 50 ग्रॅम प्रोटीन लागतं, कळण्याची भाकरी, घट्ट वरण, दही, दोन अंडी यात बरंचसं भागतं.

त्वचेतलं कोलॅजन तोडतं ते ऊन, आणि ते बाहेरूनच अडवावं लागतं. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं चाललेल्या अभ्यासात (2013) रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा 24 टक्के कमी म्हातारी झालेली दिसली. एसपीएफ 30 किंवा वरचं, ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही किरणं अडवणारं), चेहऱ्या-मानेला दोन बोटं भरून, वरून ओढणी. डाग एकदा स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

4,500 मधले 500 सनस्क्रीनला, 2,200 दरमहा आरडीत म्हणजे पुढचा हप्ता तयार, उरलेले डाळ-अंड्यांना.