'प्रॉडवर' की 'प्रॉडमध्ये'?

विचारणा अशी आहे : एका कंपनीच्या अंतर्गत माहितीपुस्तिकेच्या मराठी मसुद्यात 'डिप्लॉयमेंट एन्व्हायर्नमेंट'साठी 'उपयोजन पर्यावरण' आणि 'टार्गेट सिस्टिम'साठी 'लक्ष्य प्रणाली' असे शब्द योजले आहेत. (डिप्लॉय करणे म्हणजे तयार सॉफ्टवेअर सर्व्हरवर नेऊन चालू करणे.) ते चालतील का?

माझं मत, दोन्ही बदलावेत. 'पर्यावरण' म्हटलं की हवा-पाणी-जंगलच डोळ्यांसमोर येतं. 'उपयोजन' हा शब्द 'अॅप्लिकेशन'साठीही वापरला जातो, त्यामुळे 'अॅप्लिकेशन डिप्लॉय करा' याचं 'उपयोजनाचे उपयोजन करा' होऊन बसेल. 'डिप्लॉय'साठी 'तैनात' हिंदीत सर्रास चालतो. मराठीत मात्र त्यामागे १८०२च्या वसईच्या तहातली तैनाती फौज उभी असते. तैनात होतात ती माणसं. म्हणून 'डिप्लॉय करणे' हेच ठेवावं. बोलताना 'बिल्ड (चालवायला तयार झालेलं सॉफ्टवेअर) चढवलं' म्हणतात, तेही उत्तम मराठी आहे.

खरी अडचण 'एन्व्हायर्नमेंट' आणि 'टार्गेट' या दोन शब्दांत आहे, कारण आपण त्यांची गल्लत करतो. डेव्ह (विकसन), क्यूए (गुणवत्ता चाचणी), यूएटी (वापरणाऱ्यांनी करायची स्वीकृती चाचणी), स्टेजिंग (शेवटची रंगीत तालीम), प्रॉड (प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष वापर) ही एन्व्हायर्नमेंटची नावं आहेत, यंत्रांची नव्हेत. सॉफ्टवेअर कोणत्या टप्प्यावर आहे, कोणता डेटा वापरतं, कोणाच्या मंजुरीने पुढे सरकतं, हे ती नावं सांगतात. टार्गेट म्हणजे प्रत्यक्ष जिथे फाइली जाऊन पडतात ते : सर्व्हर, व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभं केलेलं आभासी यंत्र), डेटाबेस, कुबरनेटिस क्लस्टर (एकत्र चालवलेला यंत्रांचा समूह). एका एन्व्हायर्नमेंटमध्ये शेकडो टार्गेट असू शकतात. अॅन्सिबल या डिप्लॉय करण्याच्या साधनाच्या इन्व्हेंटरीत (यंत्रांच्या यादीत) तर एकच होस्ट, म्हणजे एकच यंत्र, एकाच वेळी अनेक गटांत बसतो : 'प्रॉड'मध्येही आणि 'वेब'मध्येही. मोठ्या कंपनीत हे सांभाळलं नाही, तर 'प्रॉड-वेब-२', 'प्रॉड-डेटाबेस-नवीन' अशी एन्व्हायर्नमेंट वाढत जातात. एन्व्हायर्नमेंट मोजकीच आणि सर्व संघांना समान असावीत. वेब की डेटाबेस हा भेद टार्गेटला लावलेल्या टॅगने, म्हणजे खुणेच्या चिठ्ठीने, दाखवावा.

या गल्लतीची किंमत किती असू शकते, हे नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीच्या उदाहरणावरून कळतं. तिच्याकडे ऑर्डर बाजारात पाठवणारे आठ सर्व्हर होते. नवा कोड सातांवर चढला, आठव्यावर राहिला. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. अशा वेळी 'प्रॉडवर टाकलं' या वाक्याला खरं म्हणायचं की खोटं? त्यात टार्गेटचा उल्लेखच नाही, त्यामुळे ते तपासताच येत नाही.

मराठीच्या विभक्तिप्रत्ययांत आणि शब्दयोगी अव्ययांत याला सुंदर सोय आहे. फाइल सर्व्हर'वर' जाते. आवृत्ती यूएटी'त' किंवा प्रॉड'मध्ये' असते. बोलताना आपण 'प्रॉडवर' म्हणतो ते एका सर्व्हरच्या सवयीतून आलं असावं. तेव्हा प्रॉड म्हणजे तेच एक यंत्र होतं, म्हणून खपून जायचं. बोलणं बदला असा माझा आग्रह नाही, पण पुस्तिकेत हा भेद कटाक्षाने पाळावा.

आता पर्याय. एन्व्हायर्नमेंटला 'परिसर' मला पटतो : त्याला सीमा असते, आत अनेक गोष्टी नांदतात, आणि 'चाचणी परिसर' हे ऐकताक्षणी कळतं. 'परिवेश' हिंदीच्या वळणाचा. संस्कृतात तो सूर्यचंद्राभोवतीचं खळं. 'लक्ष्य' ध्येयाकडे नेतं आणि 'प्रणाली' फार ऐसपैस आहे, म्हणून टार्गेटसाठी 'लक्ष्यस्थान' घ्यावं, किंवा सरळ 'टार्गेट'च ठेवावं. मग पुस्तिकेतलं वाक्य असं होईल : 'आवृत्ती ४.२ चाचणी परिसरातल्या सहाही टार्गेटवर चढली आहे. प्रॉड परिसरात अजून आलेली नाही.'